मदरबोर्डावरचा परका स्क्रू

या, जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं, आणि ज्यांच्या हातात फोन असेल त्यांनी तो पालथा ठेवावा. का, ते पुढे कळेलच. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. गोष्ट किळसवाणी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण घाण कुठे आहे ते दाखवल्याशिवाय झाडू कुठे मारायचा हे कुणाला कळणार? तेव्हा नाकाला पदर लावा, रुमाल लावा, आणि ऐका.

१. मेलेलं मशीन

एक होती मावशी. सगळं आयुष्य तिने अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काढलं. दुधात पाणी, तिखटात विटेची भुकटी, आणि तेलात तेल सोडून बाकी सगळं, असं रोज हुंगून हुंगून तिचं नाक इतकं तयार झालं होतं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सत्काराचा हार पुढे केला, तर ती म्हणाली, "साहेब, ही फुलं कालची आहेत."

अशा मावशीच्या दारात एका सकाळी तिची भाची येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोळे सुजलेले, केसांत खोचलेला बारीक चिमटा. हा चिमटा तिच्या धंद्याचा. ती लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्डाची कामं करायची, आणि तिथले सगळे तिला चिमटी म्हणायचे.

"मावशी, त्यांनी मला काढलं," चिमटी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत दुकानाची खुर्ची सोडायची आणि वसतिगृहाची खोलीही. मी मशीन मारलं म्हणतात. आणि ते लपवायला खोटं बोलले म्हणतात. हे नाव एकदा लागलं की या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही."

"आधी तोंड धू," मावशी म्हणाली. "मग पहिल्यापासून सांग."

चिमटीने सांगितलं ते असं. ती नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहते. तिथल्या प्रत्येक खोलीत एकेक लॅपटॉप आहे. एका मोठ्या देणगीदाराने, सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणतात त्यांनी, ते कारखान्याच्या बंद खोक्यांतूनच मुलींना दान दिलेले. चिमटीच्या लॅपटॉपमध्ये एक अनोळखी प्रोग्रॅम सापडला. तो कॅमेरा उघडायचा, पण कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागू द्यायचा नाही. तिने तो पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत हजर. तिने डिस्क काढून नवी कोरी बसवली. तरी तो परत आला.

"घर पाडून नवं बांधलं, तरी तोच उंदीर?" मावशीने विचारलं.

"उंदीर घरात नव्हताच, पायात होता. मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जे जागं होतं ते फर्मवेअर. मदरबोर्डावर नखाएवढी चिप असते, त्यात ते लिहिलेलं असतं. डिस्क कितीही बदला, ते तिथेच बसून राहतं. कारखान्यातून येताना त्या चिपला कुलूप असतं. बोर्डावर एक ठराविक स्क्रू असतो, तो जागेवर असेपर्यंत चिपमध्ये कुणाला काही लिहिता येत नाही. वाचता मात्र येतं. म्हणून मी ठरवलं, स्क्रू काढायचा, कारखान्याचं फर्मवेअर पुसायचं, आणि त्या जागी खुलं फर्मवेअर लिहायचं."

"खुलं म्हणजे?"

"ज्यातली ओळन् ओळ कुणीही वाचावी असं. त्यात लपायला जागा नाही."

मावशीला हे आवडलं. ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, ती तिने जन्मात विश्वासाने उघडली नव्हती.

"काल दुकानात मी चिप वाचून घेतली," चिमटी म्हणाली. "दोनदा. दोन्ही वाचनं जुळली तरच पुढे जायचं, हा आमचा नियम. जुळली. त्यांची प्रत दुकानाच्या संगणकावर ठेवली, तोच माझा पुरावा. मग स्क्रू काढला आणि पलीकडच्या गल्लीत चिपच्या पायांना धरणारी चांगली क्लिप आणायला गेले. परत आले तर लॅपटॉप बंद करून ठेवलेला, झाकण लावलेलं, आणि मशीन मेलेलं. प्रतही पुसलेली."

"तेवढ्यात दुकानात कोण कोण आलं होतं?"

"मिस्त्री तर होतेच, दुकान त्यांचंच, फक्त मध्ये चहाला जाऊन आले. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई माझी तक्रार ऐकून चौकशीला येऊन गेल्या. आणि भाऊसाहेब आले होते, माझं कौतुक करायला म्हणे."

"आणि ही घाण तुझ्या खोलीत कधीपासून बघत होती?"

चिमटीने ओढणी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. नासलेलं दूध ओळखायला ते प्यावं लागत नाही.

"चल," ती म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

२. कान कोरणारा मिस्त्री

दुकान एका लाँड्रीच्या खाली होतं. वरून वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा, खालून डाग देताना जळणाऱ्या फ्लक्सचा. टेबलावर उघडे पडलेले कीबोर्ड, त्यांच्या फटींत लोकांची नखं, केस, बिस्किटांचा चुरा आणि काहीतरी चिकट तपकिरी. एका लॅपटॉपच्या पंख्यातून मिस्त्री मेलेलं झुरळ चिमट्याने बाहेर काढत होता. ते त्याने शेजारच्या बशीत ठेवलं. त्याच बशीत त्याचा अर्धा खाल्लेला पाव होता.

"या मावशी, बसा," मिस्त्री म्हणाला, आणि हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने कान कोरायला लागला.

"मी उभीच बरी."

"तुमच्या भाचीला मी पोटच्या पोरीसारखं शिकवलं. पण हात घसरतो हो माणसाचा. चुकीचं लिहिलं गेलं की मशीन खलास. तिने कबूल करायला पाहिजे होतं. उलट वसतिगृहभर सांगत सुटली की लॅपटॉप डोळे वटारून बघतात. भाऊसाहेब म्हणाले, असली मुलगी ठेवाल तर माझं एक मशीन तुमच्याकडे येणार नाही. मला पोट आहे, मावशी."

"ते दिसतंय," मावशी म्हणाली. "ते मेलेलं मशीन कालपासून कुणी उघडलं?"

"कशाला उघडू? मढं उकरून काय मिळणार?"

"मला उकरायची सवय आहे. उघडा."

मिस्त्रीने कानातला स्क्रू ड्रायव्हर पँटला पुसला आणि पुढे केला. मावशीने तो न घेता चिमटीकडे बघितलं. चिमटीने स्वतःचा काढला, झाकणाचे स्क्रू सोडवले, आणि आधी चिप वाचून बघितली.

"कोरी आहे," ती हळूच म्हणाली. "एक अक्षर नाही."

मिस्त्री कान कोरायचा थांबला. "कोरी? अर्धवट काहीतरी असेल की."

"बघा तुम्हीच."

त्याने बघितलं. "लिहिताना चूक झाली, तर अर्धंमुर्धं काहीतरी राहतं," तो मावशीला सांगू लागला, आणि सांगता सांगताच त्याचा आवाज उतरला. "हे तर कुणी नुसतं पुसून टाकलंय. चुना मारल्यासारखं."

"आणि तो कुलपाचा स्क्रू?"

चिमटीने बोट ठेवलं. स्क्रू जागेवर होता, घट्ट पिळलेला.

"हा तू लावलास?"

"नाही. मशीन सुरू झाल्याशिवाय तो कधीच लावत नाही. सुरू झालं नाही तर परत लिहावं लागतं, मग परत काढावा लागतो. कोण उगाच लावेल?"

"म्हणजे ज्याने लावला," मावशी म्हणाली, "त्याला मशीन सुरू होणार नाही हे ठाऊक होतं. आणि परत लिहायचं नाही हेही. हात घसरलेल्या माणसाने कुलूप लावलं नसतं, घाम पुसला असता."

मिस्त्री खुर्चीत बसला. पावाच्या बशीवर हात टेकला गेला तरी त्याला कळलं नाही.

"एक मिनिट, मावशी." चिमटीने काढलेलं झाकण उलटं केलं. त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि चिकटपट्टीखाली एक स्क्रू. "माझा तर इथेच आहे. काढला की झाकणाला चिकटवायचा, म्हणजे हरवत नाही. हे मला मिस्त्रींनीच शिकवलं."

तिघांनी बोर्डाकडे बघितलं. मग झाकणाकडे. मग परत बोर्डाकडे.

तर श्रोतेहो, जागा एक आणि स्क्रू दोन. घरचा स्क्रू घरात होता. मग बोर्डावर येऊन बसलेला हा पाहुणा कुणाचा?

३. वाटीतल्या गोळ्या

मावशीने चिमटीकडून तो परका स्क्रू पांढऱ्या कागदावर काढून घेतला. डोक्यावरच्या खाचेत काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं. मिस्त्री म्हणाला, फ्लक्स असेल. मावशीने कागद नाकाजवळ नेला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"साखर आहे. आणि पेपरमिंट."

"स्क्रूला पेपरमिंट?"

"मिस्त्री, तुम्ही घाणेरडे आहात," मावशी म्हणाली. "पण हा घाणेरडेपणा तुमचा नाही. तुम्ही असता तर झाकणाखालचा स्क्रू तुम्हाला डोळे मिटून सापडला असता."

मिस्त्रीला हा मान वाटावा की अपमान, ते ठरवता येईना. "मी येऊ बरोबर?" त्याने विचारलं.

"हात धुऊन या."

वसतिगृहाच्या जिन्यावर ओल्या पोछ्याचा कुबट वास होता. मुली कामावर गेलेल्या, व्हरांडा रिकामा. अधीक्षिकाबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाई धिप्पाड, आवाज खर्जातला, टेबलावर काच, काचेवर लॅपटॉप. आणि लॅपटॉपशेजारी काचेची एक वाटी.

वाटीत पांढऱ्या गोळ्या होत्या. मावशीने त्यांचा वास दारातच घेतला होता.

"पेपरमिंट," ती म्हणाली.

"घसा बसतो माझा, मुलींवर ओरडून," बाई म्हणाल्या. "घ्या ना. तुझ्या कोण गं या, चिमटे? मावशी? बरं झालं आलात. हिचं सामान न्यायला मदत होईल."

खोलीत आणखी एक माणूस बसला होता. पांढरे कपडे, पांढरे केस, गुळगुळीत चेहरा. भाऊसाहेब. तो उठला, दोन्ही हात जोडले, आणि चिमटीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे आला. चिमटी मागे सरकली. हात हवेतच राहिला. ओलसर, गुबगुबीत हात. मावशीला उगाच न धुतलेल्या पनीराची आठवण झाली.

"रागावू नकोस, बाळ. या सगळ्या माझ्या लेकी आहेत, मावशी. परमेश्वराने मला मूल दिलं नाही, एवढ्या लेकी दिल्या. एक मशीन गेलं, जाऊ दे. पण हिच्या मनात जे शंकेचं विष आहे ना, ते बाकीच्या मुलींत पसरेल. म्हणून मी म्हटलं, सगळीच मशीनं आज घेऊन जातो. तज्ज्ञांकडून तपासून परत पाठवतो. बाहेर टेम्पो उभा आहे."

"तुम्ही स्वतः नाही बघत?"

तो मनापासून हसला. "मी? मावशी, मला तर स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा तेही कळत नाही. आणि फर्मवेअरला कारखान्याचं कुलूप असतं, त्यात कुणी काय लिहिणार? हरी हरी. सगळा मनाचा खेळ."

मनात भक्ती असली की नामाला गोडी येते. हा माणूस देवाचं नाव घेत होता आणि मावशीला ओकारी येत होती. ती स्वतः रोज पहाटे देवापाशी बसणारी बाई. पण हे नाम ऐकून तिला वाटलं, उष्ट्या हाताने कुणी समई लावतंय.

भाऊसाहेबाने खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली, वाटीत चार गोळ्या टाकल्या, बोटांनीच, आणि ती बोटं चाटून पुसली. "बाईंची वाटी रिकामी राहता कामा नये. येतो मी, हमालांना वर बोलावतो."

तो गेल्यावर बाईंनी एक गोळी तोंडात टाकली. मावशीने नजर वळवली.

"बाई, काल तुम्ही दुकानात गेला होता."

"गेले होते. ही पोरगी माझ्या वसतिगृहाची बदनामी करते, मी बघायला नको? आत डोकावले, कुणी नव्हतं, परत आले."

"म्हणजे मशीनजवळ तुम्ही एकट्या होता."

बाईंच्या गालात गोळी फिरायची थांबली. "तुम्हाला म्हणायचंय काय?"

"काही नाही. तुमचा लॅपटॉप उघडू द्या. टेम्पो भरायच्या आत."

"माझा? का म्हणून?"

"नाही म्हणालात तर मला जे वाटतंय ते खरं ठरेल."

बाईंनी लॅपटॉप काचेवरून असा ढकलला की वाटी हिंदकळली. "उघडा. आणि मग तुम्ही दोघी चालत्या व्हा."

चिमटीने तो पालथा केला. खालचे रबरी पाय कुणीतरी उपटून परत डकवलेले दिसत होते. गोंद कडेने बाहेर आलेला, त्यात धूळ आणि एक लांब केस अडकलेला. तिने झाकण उचललं आणि बोर्डावर बोट ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "इथला स्क्रू नाही."

४. धूळ काय म्हणाली

"संपलंच की मग," मिस्त्री दारातून म्हणाला. त्याने खरंच हात धुतले होते. "इथला काढला आणि तिथे लावला. बाई, तुम्ही तर कमाल केलीत."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा रागाने लाल होता, पण डोळ्यांत भीती होती, आणि त्या दोन्ही गोष्टी दोषी माणसालाही शोभतात आणि निर्दोषालाही. मावशीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती बोर्डावर वाकली होती.

"चिमटे, स्क्रूखाली काय असतं?"

"तांब्याची टिकली. दोन अर्ध्या. स्क्रू त्यांना जोडतो, की कुलूप लागतं. स्क्रू असतो तोवर ती झाकलेली, म्हणून चकचकीत राहते."

"ही बघ."

त्या टिकलीवर धूळ होती. साधी नाही. करड्या लोकरीसारखी, थर धरलेली, त्यात एका किड्याचा वाळलेला पाय. चिमट्याने ओढली तर सालीसारखी निघाली.

"ही कालची धूळ नाही," मावशी म्हणाली. "हा स्क्रू काढून कितीतरी दिवस लोटले. मग तो होता कुठे? खाचेत साखर दगडासारखी घट्ट झाली होती, म्हणजे पेपरमिंटच्या संगतीत. आता ही वाटी बघा, मिस्त्री. काचेची आहे, उघडी आहे. यात एक दिवस तरी स्क्रू लपेल का?"

मिस्त्रीने वाटीत बघितलं आणि मान हलवली.

"बाई, तुमचं मशीन उघडायला तुम्ही कधी कुणाला दिलं होतं?"

"कुणालाच नाही." बाई आठवू लागल्या. "भाऊसाहेब मध्ये एकदा म्हणाले, बाई, जरा हळू चालतंय का, बघू. मी मुलींच्या जेवणाचं बघायला खाली गेले होते. परत आले तर ते झाकणच लावत होते. दचकले, आणि हसून म्हणाले, नुसती धूळ फुंकत होतो."

"ज्यांना स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नाही, ते," मावशी म्हणाली.

बाई खाली बसल्या.

"चिमटे, वाच ती चिप."

चिमटीने पिशवीतून क्लिप काढली, चिपच्या पायांवर बसवली, आपला संगणक जोडला. वाचन झालं. दुसऱ्यांदा वाचलं. जुळलं. मग ती पडद्यावर शोधत राहिली. खोलीत फक्त खालच्या टेम्पोचा घरघराट येत होता.

"तोच आहे," ती म्हणाली. "माझ्या मशीनमध्ये होता तोच. कॅमेरा उघडतो, दिवा लागू देत नाही, चित्रं बाहेर पाठवतो."

"इथून?" बाईंनी विचारलं. "या खोलीतून?"

"हो, बाई."

बाईंनी लॅपटॉपकडे बघितलं. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे, जी त्या टेबलाच्या अगदी समोर होती. "दुपारी मी दार लावून इथे पडते," त्या म्हणाल्या. आवाज खर्जातून कुठेतरी खाली गेला होता. "गुडघ्यांना मलम लावते. उकाड्याची... अंगावर काही ठेवत नाही." त्यांनी तोंडातली गोळी हातावर थुंकली, तिच्याकडे बघितलं, आणि धावत मोरीकडे गेल्या. ओकण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मग कुणाला न सांगता जिना उतरून खाली गेला.

त्या परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. "मावशी, माझ्यावरचा संशय गेला?"

"स्वतःच्या खाटेवर कुणी स्वतःच डोळा रोखत नाही," मावशी म्हणाली. "चिमटीच्या मशीनमधला पुरावा त्याने पुसला, पण तो बाकी सगळ्या मशीनांत आहे. म्हणून तर टेम्पो आला. एक मशीन मारायचं, पोरीला खोटं पाडायचं, म्हणजे बाकीची मशीनं तुम्ही स्वतःच्या हाताने भरून देणार, वर आभारही मानणार."

जिन्यावर पावलं वाजली. हमालांची नव्हेत. मऊ चपलांची.

५. गोळी

भाऊसाहेब आत आला, उघडा लॅपटॉप बघितला, आणि चेहऱ्यावर दुःख आणलं. तयारीचं दुःख होतं, हाताशीच ठेवलेलं असावं.

"हे काय, बाई? हिला परत हात लावू दिलात? आता हेही मेलं म्हणायचं."

"जिवंत आहे," मावशी म्हणाली. "भाऊसाहेब, बोलून बोलून घसा कोरडा पडला. एक गोळी देता?"

"वाटीतली घ्या ना."

"वाटीतली सगळ्यांनी हाताळली. डबीतली द्या. मी निवडून घेईन, जुनी सवय."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. पापणी एकदा लवली. मग त्याने डबी काढली, झाकण नखाएवढं उघडलं, आणि दोन बोटांनी एक गोळी ओढू लागला.

"मी निवडते म्हटलं ना."

"मावशी, माणसावर इतका अविश्वास बरा नव्हे. देव बघतो वरून."

"बघतोच," बाई म्हणाल्या. त्या कधी टेबल ओलांडून आल्या ते कळलंच नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं. मुलींच्या खाटा उचलून सरकवणारा हात होता तो. "रोज तुम्ही मला देता, भाऊसाहेब. आज मी घेते."

डबी काचेवर उपडी झाली. गोळ्या घरंगळल्या. त्यांच्यामागून खणखण करत बारीक स्क्रू पडले, चिकट, पांढऱ्या भुकटीत लोळलेले. एक गोल फिरत काचेच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. चिमटीने तो चिमट्याने उचलला.

"याच जातीचा," ती म्हणाली. "कुलपाचा."

"परक्या खोलीत, घाईघाईत, चोरून काम करायचं," मावशी म्हणाली. "टेबल पसरता येत नाही. स्क्रू ठेवायचा कुठे? खिशात हातात आली ती डबी. बाईंच्या खोलीत त्या लवकर परत आल्या, म्हणून तिथला लावायचाच राहिला, आणि आणखी काही खोल्यांतही तसंच झालं असणार. पण काल दुकानात पुसून झाल्यावर तुमचा हात सवयीने कुलूप लावायला गेला. नको ते लिहिणाऱ्याला कुलूप उघडं ठेवायची भीती वाटते. बोर्डावर जागा रिकामी दिसली. झाकण सरळ ठेवलेलं, त्याच्या पोटात काय चिकटलंय ते बघितलं नाहीत. डबीतला काढला आणि पिळला. आणि तोच डबीतला हात रोज या बाईंच्या वाटीत."

भाऊसाहेब हसायला गेला. ओठ वळले, पण हसू आलं नाही. "कोण विश्वास ठेवेल? चार बायका आणि एक कान कोरणारा. मी या वसतिगृहाला..."

"चार नाहीत," खालून परत येऊन दारात उभा असलेला मिस्त्री म्हणाला. "तीन. आणि माझे कान आत्ता स्वच्छ आहेत. टेम्पोची किल्ली माझ्याकडे आहे. तुमच्या ड्रायव्हरला चहाला पाठवलं. पोलिसांना फोन झालाय."

मग तो माणूस बदलला, श्रोतेहो. परमेश्वर गेला, लेकी गेल्या, आणि त्याच्या तोंडातून जी भाषा आली ती इथे सांगण्यासारखी नाही. गटाराचं झाकण उचललं की आत काय होतं ते कळतं, आणि इतके दिवस आपण त्यावरूनच चालत होतो हेही कळतं. मावशीने खिडकी उघडली. खरोखरच हवा हवी होती.

पोलीस आले, मशीनं सीलबंद झाली, तज्ज्ञांनी प्रत्येकातून तोच प्रोग्रॅम बाहेर काढला. चित्रं कुठे जमा होत होती तेही सापडलं. तो माग त्याच्याच घराच्या दारात जाऊन थांबला. काय सापडलं ते मावशीने विचारलं नाही.

६. खुलं

मिस्त्री चिमटीची माफी मागायला आला तेव्हा स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून आला होता. "खुर्ची तुझीच आहे," तो म्हणाला. "पोट सगळ्यांनाच असतं, पण मी त्याचंच ऐकलं."

"बशी बदला मिस्त्री, मग येते," चिमटी म्हणाली.

पोलिसांचं काम संपून मशीनं परत आली, तेव्हा तिने ती वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत मांडली. सगळ्या मुली भोवती बसल्या. एकेक चिप वाचायची, दोनदा, जुळवायची, स्क्रू काढून झाकणाला चिकटवायचा, कारखान्याचं आणि त्याचं जे काही मिसळलेलं होतं ते पुसायचं, आणि त्यावर खुलं फर्मवेअर लिहायचं. मशीन उठलं की मुली हसायच्या. एकीने विचारलं, "ताई, आता आत कुणी नाही ना?" चिमटी म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. बस इथे, कसं वाचायचं ते दाखवते."

अधीक्षिकाबाई दाराशी उभ्या होत्या. मावशी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मी हिला काढणार होते," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी सामान बाहेर ठेवणार होते. तुम्ही आला नसता तर ठेवलंच असतं."

"नाही ठेवलंत ना."

"हिचं नाही." बाईंनी ओठ दाबून धरले. "हिच्याआधी त्याच खोलीत एक मुलगी होती, मावशी. गप्प असायची. लॅपटॉपवर कायम टॉवेल टाकून ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, कुणीतरी बघतंय असं वाटतं. मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बिचारीचं मन ठिकाणावर नाही, घरी पाठवा. मी पाठवलं. तिचा बाप न्यायला आला, तेव्हा त्याच्यासमोर मी तिला म्हटलं, तुला डॉक्टरची गरज आहे. ती भांडली नाही. तिने नुसती माझ्याकडे बघून मान हलवली. तिला पटलं होतं, मावशी. तिला खरंच वाटलं की तिचंच डोकं बिघडलंय."

"शोधा तिला."

"शोधते आहे. घर बदललंय. नंबर लागत नाही. रोज लावते."

चिमटीला मावशी होती, म्हणून ती राहिली. त्या मुलीच्या बाजूने उभं राहायला त्या दिवशी त्या खोलीत कुणी नव्हतं. एवढाच दोघींत फरक, आणि तो फरक काही त्यांच्या हातातला नव्हता.

तर बसलेल्या मंडळींनो, गोष्ट झाली. आता उठाल, घरी जाल, पालथे फोन सुलटे कराल. एवढं मागणं आहे. देवापाशी हात जोडाल तेव्हा त्या मुलीला आठवा. तिचं नाव कुणी सांगत नाही, पण देवाला नाव लागत नाही. टॉवेल टाकणारी म्हणा, त्याला कळेल. आणि कुठे भेटलीच, गप्प, खाली मान घालून, कुणीतरी बघतंय म्हणणारी, तर तिला जवळ बसवा आणि सांगा: बाळ, तुझं डोकं ठिकाणावर होतं. तू म्हणत होतीस ते खरं होतं.